कोरडी नदी, बुडालेली जॅकवेल: कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने ओसरत जातो. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस रायबाग-अथणीच्या माळावर पोहोचेपर्यंत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास उरतो, आणि तोही बेभरवशाचा. तरीही या पट्ट्यात नजर जाईल तिथवर ऊस उभा असतो, कारण मधून कृष्णा वाहते. प्रस्तुत प्रकरणातील नगर याच पट्ट्यात, नदीपासून काही किलोमीटर आत, थोड्या चढावर वसलेले आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून नाव दिलेले नाही आणि आकडे मुद्दाम गोल केले आहेत; हिशेबासाठी लोकसंख्या ४०,००० धरली आहे.

हे गाव अलीकडच्या दोन-तीन दशकांत फार झपाट्याने वाढले. साखर कारखाना, त्याच्या आधाराने आलेली दुकाने, वाहनांच्या शोरूम, शाळा-महाविद्यालये आणि आसपासच्या खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहिलेली कुटुंबे यांमुळे जुन्या पेठेच्या चारही बाजूंना ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडून केलेल्या नव्या वसाहती, पडले. त्यांतले बरेचसे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले, मंजुरी नसलेले. पण घरे उभी राहिली, मतदार झाले आणि नळाचे अर्जही आले. पाणीयोजना मात्र जुन्या पेठेसाठी आखलेली होती. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी जिथून पंपाने उपसतात ती विहीर, तिथून गावाजवळच्या माळावरील जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी चढवणारी मोठी वाहिनी, म्हणजे रायझिंग मेन, पुढे दोन उंच टाक्या आणि त्यांतून गल्लोगल्ली गेलेल्या जुन्या नळवाहिन्या, एवढाच सारा पसारा.

या पाण्यावर गावाचा ताबा किती, हा प्रश्न २०१९ पर्यंत कोणी फारसा विचारला नव्हता. उन्हाळ्यात कृष्णेला येणारे पाणी मुख्यत्वे महाराष्ट्रातील धरणांतून येते. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. त्यानंतर शिरोळ तालुक्यातील राजापूरचा बंधारा हा महाराष्ट्रातील शेवटचा. त्याच्या खाली कर्नाटकाचे पात्र सुरू होते आणि बरेच पुढे हिप्परगीचे बॅरेज आहे, ज्याचा फुगवटा वरपर्यंत येतो. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयना धरणातील ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करण्यास, कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने मुभा दिलेली आहे. उरलेल्यातून महाराष्ट्राची शेती, गावे आणि शहरे भागतात, आणि शेवटी राजापूरवरून खाली किती येईल हे दोन राज्यांतील पत्रव्यवहारावर ठरते. कर्नाटकाने उन्हाळ्यात पाणी मागायचे आणि महाराष्ट्राने कोयना-वारणेतून दोन-चार टीएमसी सोडायचे, ही प्रथा सीमाभागातील माणसाला पाठ आहे.

अडचण

२०१९ च्या मार्चपासून नदीची धार बारीक होत गेली. एप्रिलअखेर पात्र तुटून डोह उरले आणि जॅकवेलच्या तोंडाशी असलेला डोह दिवसागणिक खाली जाऊ लागला. त्या वर्षी नेहमीचा पत्रव्यवहारही अडकला. कोयनेतून पाणी हवे असेल तर त्या बदल्यात कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागाला पाणी द्यावे, असा अदलाबदलीचा प्रस्ताव महाराष्ट्राने पुढे केला होता. जतच्या बाजूने पाहिले तर मागणी अवाजवी नव्हती. तिथलीही माणसे मराठी-कानडी मिसळ बोलणारी आणि तितकीच तहानलेली. पण प्रस्तावावर बोलणी चालू असताना आमच्या गावात पाणी तिसऱ्या दिवसावरून आठव्या दिवसावर, आणि मे महिन्यात त्याच्याही पुढे गेले.

डोहातले पाणी हिरवट झाले होते. साचलेल्या पाण्याला क्लोरीन जास्त लागते, आणि शेवटच्या नळापर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन राहिले पाहिजे हे मानक टिकवताना जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्यांची दमछाक झाली. दर काही दिवसांनी थोडा वेळ येणाऱ्या पाण्याचा आणखी एक धोका असतो. वाहिनी रिकामी पडली की गटारीचे पाणी फटीतून आत ओढले जाते. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करणाऱ्या अभ्यासातही खंडित पुरवठ्याचे नमुने अधिक दूषित आढळले होते.

जूनमध्ये पाऊस उशिरा आला. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला जो महापूर आला तो सांगली-कोल्हापूरपासून बागलकोटपर्यंत सर्वांच्या लक्षात आहे. तीन महिन्यांपूर्वी जिथे मुले क्रिकेट खेळत होती ते पात्र आता दोन्ही तीरांवरच्या उसात शिरले होते. जॅकवेल बुडाली. मोटारी, स्टार्टर, पॅनेल बोर्ड सारे पाण्याखाली गेले आणि वीज उपकेंद्राकडून येणारी वाहिनीही बंद ठेवावी लागली. पूर ओसरून मोटारी काढून, वाळवून, वाइंडिंग करून परत बसवीपर्यंत पंधरवड्याच्या आसपास काळ गेला. म्हणजे एकाच वर्षात गाव दोनदा पाण्यावाचून राहिले, एकदा नदीत पाणी नाही म्हणून आणि एकदा फार झाले म्हणून.

या दोन्ही प्रसंगांना मिळून नगरपालिकेत सुरुवातीला एकच शब्द वापरला जात होता, टंचाई. त्यामुळे उपायही एकच सुचत होता: आणखी पाणी आणा.

हिशेब

टंचाईच्या आढावा बैठकीत रोज किती पाणी उपसले जाते, असा साधा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर मिळाले ते पंपाच्या पाटीवरील क्षमता गुणिले चाललेले तास, या हिशेबाने. त्याप्रमाणे तासाला २.७ लाख लिटर आणि वीस तासांना ५४ लाख लिटर. भुयारी गटार असलेल्या नगरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे केंद्राचे मानक आहे; ४०,००० लोकांना ५४ लाख लिटरच लागतात. कागदावर गाव मानकाएवढे पाणी उपसत होते आणि तरी ऐन पावसाळ्यातही एक दिवसाआड पुरवठा होत होता. हे कसे, याचा उलगडा कोणाला करता येईना, कारण योजनेत कुठेही प्रवाहमापक नव्हता. उंच टाक्यांवर मीटर नाही, नळांना मीटर नाही.

वाटपाची एकमेव लेखी नोंद होती ती व्हॉल्व्हमनच्या शाळकरी वहीत. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस टी-आकाराची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून फिरे, आणि कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हे त्याला हाताने ठाऊक होते. पेठेच्या उताराला तीन आटे, मारुती मंदिरामागच्या चढाला पूर्ण, तेही पहाटे, खालचे सारे व्हॉल्व्ह बंद असताना. वाटेत बायका त्याला अडवून विचारत, "मामा, आमच्या गल्लीला कवा सोडणार?" आणि त्याच्या उत्तरावर त्या दिवसाचे धुणे ठरे. त्या वहीत तारखा, वेळा आणि आटे होते. नगरपालिकेच्या फायलींत त्याच्याइतकी खरी माहिती दुसरी नव्हती, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. वर्षाला रोज ५४ लाख लिटर उपसले तर होतात सुमारे १९७ कोटी लिटर, म्हणजे ०.०७ टीएमसी. बच्छावत लवादाने घरगुती आणि नागरी पुरवठ्यासाठी उचललेल्या पाण्याच्या केवळ २० टक्के भाग वापर म्हणून धरायचा, असा नियम घालून दिला होता, कारण बाकीचे सांडपाण्याच्या रूपाने नदीकडे परतते असे गृहीत आहे. त्या नियमाने या गावाचा वर्षाचा वापर ०.०१४ टीएमसी भरतो. दोन राज्ये टीएमसीच्या भाषेत भांडत असताना गावाची सारी गरज त्या आकड्यांच्या दशांश चिन्हापलीकडे दिसेनाशी होते. शेतीशी तुलना केली तरी हेच दिसते. एक एकर उसाला साडेसात सेंटिमीटरचे एक पाणी द्यायला सुमारे ३ लाख लिटर लागतात. टंचाईच्या दिवसांत माणशी ७० लिटर धरले तर सबंध गावाची एका दिवसाची गरज २८ लाख लिटर, म्हणजे सव्वानऊ एकर उसाचे एक पाणी.

विचारात घेतलेले पर्याय

मे २०१९ मध्ये तातडीचा प्रश्न होता तो डोह टिकवण्याचा. डोहावर नगरपालिकेची एक मोटार होती आणि दोन्ही काठांवर शेतकऱ्यांच्या शेकडो. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि थ्री-फेज पुरवठा दिवसाचे ठरावीक तास असतो. त्या तासांत पाण्याची पातळी डोळ्यांदेखत उतरे. नदीकाठच्या फीडरचा, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या वाहिनीचा, थ्री-फेज पुरवठा काही दिवस तोडावा, हा प्रशासनाचा नेहमीचा उपाय. एका बैठकीत काठावरचा एक शेतकरी म्हणाला, "साहेब, पाणी आमच्या दारातनं जातंय आणि मोटर आमचीच बंद? ऊस वाळला तर कारखान्याचं आणि तुमच्या बाजाराचं काय?" प्रश्न बिनतोड होता, कारण गावाची वाढ त्याच उसावर झाली होती. दुसरा पर्याय म्हणजे सारे फीडर न तोडता जॅकवेलच्या वरच्या बाजूचे तेवढेच आळीपाळीने बंद ठेवणे. तिसरा, काठावरच्या काही मोठ्या विहिरी टंचाईकाळापुरत्या ताब्यात घेणे.

कूपनलिका हा सर्वांचा आवडता पर्याय, कारण बोअर मारणारी गाडी गावात आली की काहीतरी घडते आहे असे लोकांना दिसते. पण वर्षानुवर्षे पाटाने पाणी दिल्याने या पट्ट्यात क्षारपड जमीन वाढली आहे आणि पुष्कळ बोअरचे पाणी मचूळ लागते. धुण्याभांड्यांना चालेल, प्यायला नाही.

दीर्घ पल्ल्याच्या पर्यायांत सर्वांत मोठा होता घटप्रभेवरील हिडकल धरणातून थेट जलवाहिनी. बेळगाव शहर राकसकोप जलाशयाबरोबरच हिडकलचे पाणी घेते, मग आपण का नाही, असा युक्तिवाद होता. वाहिनी लांबलचक, वाटेत अनेक गावांच्या मागण्या, पंपिंगचा वीजखर्च मोठा, आणि काम पूर्ण व्हायला कित्येक वर्षे. निवडणुकीच्या भाषणात मात्र याच्याइतके चांगले दुसरे काही दिसत नाही.

जॅकवेल खोल करावी, नदीत चर मारून दूरचा डोह जोडावा, असेही सुचवले गेले. अमेरिकेतील वाळवंटात वसलेल्या लास व्हेगास शहराने कोलोरॅडो नदीवरील मीड जलाशयाची पातळी उतरत गेल्यावर २०१५ मध्ये तळाजवळून पाणी घेणारा तिसरा बोगदा पूर्ण केला, हे उदाहरण एका तरुण अभियंत्याने बैठकीत सांगितले. उदाहरण उपयोगी होते, पण वेगळ्या कारणासाठी. तिथे खोलात साठा आहे म्हणून खोल जाण्याला अर्थ आहे; इथे पात्र तुटल्यावर खाली खडकच आहे. त्याच शहराकडून घेण्यासारखी गोष्ट होती ती हिशेबाची. ते शहर ज्या नेवाडा राज्यात आहे त्याचा कोलोरॅडो नदीतील वार्षिक वाटा आमच्या मोजमापात सुमारे १३ टीएमसी भरतो. शुद्ध करून जलाशयात परत सोडलेले सांडपाणी त्या वाट्यात पुन्हा जमा धरले जाते, म्हणून ते शहर घरातल्या नळापेक्षा अंगणातल्या हिरवळीवर बोट ठेवते. कोणते पाणी खरोखर खर्च होते हे त्यांना माहीत आहे, कारण ते मोजतात.

बेळगावात काही प्रभागांत २००८ पासून चालू असलेली चोवीस तास पाणी योजनाही चर्चेत आली. तिचा गाभा संपूर्ण वितरण जाळे बदलून प्रत्येक नळाला मीटर लावण्यात आहे. एवढा खर्च एकदम पेलण्याची या नगरपालिकेची ऐपत नव्हती, आणि मीटर हा शब्द निघाल्याबरोबर सभागृहातील वातावरण तापे.

शेवटचा पर्याय होता साठवण तलावाचा: नदीला पाणी असताना भरून ठेवायचा आणि नदी तुटली की त्यावर भागवायचे. २८ लाख लिटर रोज याप्रमाणे ४५ दिवसांचे १२.६ कोटी लिटर. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर तीन हेक्टर पाण्यावरून आणखी १.१ कोटी उडून जातील; उरलेली तूट गळतीची. असे मिळून १५ कोटी लिटरचा, पाच मीटर खोलीचा तलाव. बांधासकट सुमारे दहा एकर जागा लागते. एका टीएमसी पाण्यात असे १८८ तलाव भरतात.

प्रत्यक्ष कृती

२०१९ च्या उन्हाळ्यात वरच्या बाजूचे फीडर आळीपाळीने बंद ठेवण्यात आले आणि काही विहिरी ताब्यात घेतल्या गेल्या. या काळातील एक लहान निर्णय मोठ्या परिणामाचा ठरला. तोवर कोणत्या गल्लीला कधी पाणी हे व्हॉल्व्हमन आणि नगरसेवक यांच्यातच ठरे. व्हॉल्व्हमनच्या वहीवरून प्रभागवार वेळापत्रक तयार करून ते कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापले, चौकाचौकांत लावले आणि रिक्षावर स्पीकर लावून पुकारले. पाणी तेवढेच होते, पण रात्र-रात्र नळाशी बसणे थांबले आणि टाक्या-पिंपे भरून जुने पाणी ओतून देण्याचा प्रकारही कमी झाला. नगरसेवकांपैकी काहींना हे आवडले नाही, याचे कारण सांगण्याची गरज नाही.

पुरानंतर दुरुस्ती करताना पॅनेल बोर्ड पूर्वीच्याच जागी लवकर बसवायचा की पूररेषेच्या वर नवा मजला बांधून तिथे न्यायचा, असा प्रश्न आला. लोक तहानलेले असताना दुसरा मार्ग म्हणजे उशीर. अखेर जुन्या जागी तात्पुरती जोडणी करून पुरवठा सुरू केला आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी २०१९ च्या पातळीच्या वर काँक्रीटचे व्यासपीठ उभारून पॅनेल कायमचा हलवला.

मोजणीचे काम अगदी साध्या रीतीने सुरू झाले. एका उंच टाकीचे निर्गम बंद करून ती भरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहिले. पाटीवरील क्षमतेपेक्षा आवक बरीच कमी निघाली. पंप उघडल्यावर इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे आतले फिरते चाक, झिजलेला आढळला. रायझिंग मेनवर चालत गेल्यावर वाहिनीतली हवा बाहेर सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हांपाशी पाण्याची कारंजी दिसली. एका ठिकाणी जनावरांसाठी हौदच बांधलेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी वीटभट्टीवाल्याने नळी जोडली होती. इंपेलर बदलला, एअर व्हॉल्व्ह दुरुस्त केले, आणि जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र व दोन्ही टाक्यांवर प्रवाहमापक बसवले. वीटभट्टीची नळी तोडली. जनावरांचा हौद मात्र ठेवला आणि त्याला रीतसर तोटी बसवली.

साठवण तलाव निवडला गेला तो यानंतर. हिडकलचा प्रस्ताव बाजूला सारला नाही, तो वरिष्ठांकडे पाठवून दिला, आणि हीच शहाणपणाची चाल ठरली. कोणालाही हरल्यासारखे वाटले नाही. तलावाच्या जागेसाठी दोन विकल्प होते. नदीकडील काळी जमीन पाणी धरणारी, पण उसाखालची, खासगी आणि महाग. शुद्धीकरण केंद्रालगतचे गायरान सरकारी, पण मुरमाड, म्हणजे झिरपणारे. गायरान निवडले आणि शेततळ्याला घालतात तसल्या जाड प्लास्टिक कागदाचे अस्तर घालण्याचे ठरले. शेजारच्या खेड्याची गुरे तिथे चरत असल्याने विरोध झाला. गुरांसाठी बांधाबाहेर हौद आणि गायरानाच्या उरलेल्या भागाला कुंपण न घालण्याची लेखी हमी यावर तो मिटला. खर्चासाठी राज्याचे अनुदान आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील पिण्याच्या पाण्यासाठी राखीव असलेला भाग एकत्र केला गेला.

निष्पत्ती

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा मोठा पूर आला. जॅकवेलकडे जाणारा रस्ता बुडाला, पण पॅनेल वर राहिला आणि पाणी उतरताच दोन-तीन दिवसांत उपसा सुरू झाला. पुराच्या गढूळ पाण्याला तुरटीची मात्रा वाढवावी लागली, त्यापलीकडे खोळंबा झाला नाही.

तलावाची खरी परीक्षा २०२४ च्या उन्हाळ्यात झाली. २०२३ चा पावसाळा वाईट गेला होता, ऑगस्ट जवळपास कोरडा गेला आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले होते. तलाव बांधून तयार होता, पण अर्धाच भरला. नदी तुटल्यानंतर सुमारे तीन आठवडे त्यावर निघाले आणि तिसऱ्या दिवसाचे पाणी मोडले नाही. नंतर वेळापत्रक पाचव्या दिवसावर गेले. टँकर लागले ते मुख्यत्वे मंजुरी नसलेल्या ले-आऊटमध्ये, जिथे वाहिनीच नव्हती. २०१९ च्या तुलनेत हे बरेच बरे म्हणावे लागेल, जरी हिशेबातले ४५ दिवस मिळाले नाहीत.

उंच टाक्यांवरील मापकांमुळे एक जुना वाद संपला. चढावरच्या प्रभागाला कमी पाणी मिळते ही तक्रार वर्षानुवर्षे रडगाणे म्हणून टाळली जात होती. आकड्यांवरून ती खरी असल्याचे दिसले आणि त्या भागासाठी टाकीतून स्वतंत्र वाहिनी टाकण्यात आली.

वेगळे काय करता आले असते

तलाव अर्धा का भरला, हा या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. रोजच्या पुरवठ्यासाठी पंप वीस तास चालतो. वीज खंडित होण्याचा वेळ वगळता रोज तीन तास हाती राहतात, म्हणजे तलावासाठी रोज ८ लाख लिटर. त्या गतीने १५ कोटी लिटर भरायला १८७ दिवस लागतात. पुराचा गाळ बसल्यावर १ ऑक्टोबरला सुरुवात केली असती तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलाव काठोकाठ झाला असता. प्रत्यक्षात अस्तराची अंतिम तपासणी आणि देयकाचा वाद यात जानेवारी उजाडला. शिवाय वाईट वर्षात नदी मार्चमध्येच साथ सोडू शकते, तेव्हा १८७ दिवसांवर विसंबणे मुळातच धोक्याचे होते. आराखड्यातच तलाव भरण्यासाठी वेगळा पंप धरायला हवा होता, जो फक्त पावसाळ्यानंतरचे दोन-अडीच महिने चालेल. क्षमतेचा हिशेब सर्वांनी केला; भरण्याच्या वेगाचा हिशेब निविदा निघाल्यानंतर झाला.

फीडर बंद ठेवण्याचा निर्णयही आधी घेता आला असता. मे महिन्यात उभा ऊस वाळण्याच्या बेताला आल्यावर वीज तोडणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. फेब्रुवारीतच डोहाची पातळी अमुक खुणेखाली गेली की अमुक फीडर अमुक दिवस बंद, असे काठावरच्या शेतकऱ्यांशी बसून ठरले असते तर त्यांनाही पाळ्या आखता आल्या असत्या. अलीकडे जॅकवेलच्या भिंतीवर पातळीच्या खुणा रंगवल्या आहेत, पण त्यांच्याशी जोडलेला करार अद्याप नाही.

मीटरच्या बाबतीत माझे मत नगरपालिकेहून वेगळे आहे. घरगुती मीटरांना विरोध होणार हे धरून विषयच गुंडाळला गेला. मंगल कार्यालये, लॉज, वाहन धुण्याची केंद्रे आणि बांधकामे यांच्यापासून सुरुवात केली असती तर सर्वसामान्य कुटुंबाला झळ न लागता मोठे वापरकर्ते तरी उजेडात आले असते. मोठ्या प्रवाहमापकांनी टाकीतून किती पाणी सुटले हे कळते. ते कुठे गेले हे अजूनही अंदाजानेच सांगितले जाते.

सांडपाण्याकडे तर कोणी पाहिलेच नाही. लवाद धरून चालतो की नागरी पाण्याचा ८० टक्के भाग नदीकडे परततो. या गावाचे गटार ओढ्याला मिळते, ओढ्यावर मोटारी बसलेल्या आहेत, आणि ते पाणी शुद्ध न होताच भाजीपाल्याला आणि उसाला जाते. शुद्ध करून तेच पाणी काठावरच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या दराने दिले आणि त्याच्या मोबदल्यात उन्हाळ्यात डोहावरचा उपसा कमी करून घेतला, तर दोन्ही बाजूंना बोलणी करण्यासारखे काही हाती येते. असा प्रस्ताव अजून कागदावरही आलेला नाही.

व्हॉल्व्हमनच्या निवृत्तीपूर्वी त्याच्या वहीवरून गल्लीनिहाय व्हॉल्व्हांचा नकाशा आणि आट्यांचा तक्ता तयार करण्याचे काम एका कनिष्ठ अभियंत्याकडे सोपवले आहे. तलावाच्या देखभालीसाठी, विशेषतः अस्तराच्या दुरुस्तीसाठी आणि भरण्याच्या जादा वीजबिलासाठी, पाणीपट्टीत वाढ सुचवणारा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला होता. तो पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवण्यात आला आहे.